डब्याची ओटी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अंगणात ताडपत्रीवर बसून हळद निवडत होतो. शिजवून वाळवलेली हळद, हळकुंडं एका ढिगात, गड्डे दुसऱ्या ढिगात. लग्न झाल्यापासून दरसाल केलेलं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कौसा म्हणाली, "तुमी बोलत बोलत गड्डे हळकुंडात टाकून राहिले."

"मी बोललोच न्हाई. तूच बोलून राहिली."

"मंग ऐकत ऐकत टाकले आसतील."

कुणी हसलं नाही, रोजचंच होतं. थोड्या वेळानं तिनं पाणी मागितलं. मी रांजणाकडं गेलो, तांब्या भरून आणला, तर ती पोत्याला टेकून बसलेली, डोळे उघडे. मी दोनदा हाक मारली. मग शेजारच्यांना हाक मारली. डॉक्टर आला आणि म्हणाला, हृदय बंद पडलं, तकलीफ झाली नसेल. झाली का नाही ते त्याला काय माहीत.

माणूस मेलं की गावाला त्याच्यात देव दिसायला लागतो. जो तो येऊन मला सांगून गेला, लई गरीब होती बिचारी, कधी कुणाला उलटून बोलली नाही. हे धादांत खोटं आहे. कौसा सगळ्यांना उलटून बोलली. मला बोलली, माझ्या थोरल्या भावाला बोलली, सरपंचाला बोलली, देवळातल्या महाराजालाही एकदा बोलली. तिला गरीब म्हणून कुणी जाळून टाकलं तर ते मला चालणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो. मी चौथी शिकलेला माणूस. चुकलं तर चुकलं.

ती बुटकी होती आणि चालायची भरभर. बरोबर निघालो की मी कायम मागं. लोक म्हणायचे, बाईच्या मागं चालतो. मी म्हणायचो, गाठता येत नाही म्हणून चालतो. मिशरी लावताना कुणी आलं तरी बोट तोंडातून काढायची नाही, तशीच बोलायची आणि समोरच्याला बरोबर समजायचं. हसायची बिनआवाजाची, नुसते खांदे हलायचे. कुणी काही खोट काढली तर एकच बोलायची, "हाय तर हाय." पोरगी काळी पडली म्हणाले, हाय तर हाय. पोरगा नाही म्हणाले तर मात्र म्हणायची, "न्हाई तर न्हाई. तुमाला दोन हायेत ना, एखादा द्या इकडं, तुमाला तरी कुठं सांभाळून राहिलेत."

आम्हाला एकच लेकरू, वर्षा. दहावी झाल्यावर तिनं आयटीआयला वेल्डरचा वर्ग धरला. वर्गात ती एकटी पोरगी. माझे थोरले भाऊ, त्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. ते अंगणात आले आणि मला म्हणाले, "पोरीच्या जातीनं लोखंडात हात घालायचा व्हय?"

कौसा मोठ्या दिरासमोर पदर घेऊन, पाठ करून बसायची. तिचा पदर डोक्यावरून कधी ढळला नाही आणि जीभ कधी थांबली नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "इळा काय कापसाचा आसतो व्हय? जल्मभर लोखंडच धरलं आमी. तवा कुनी जात काढली न्हाई."

आबा मला म्हणाले, "बघ, काय बोलती."

मी म्हणालो, "मी आयकलं."

पास झाल्यावर वर्षाला एका कारखान्यात काम लागलं. तिथं मेट्रोचे डबे करतात. कारखान्याचं नाव-गाव ती लिहू देत नाही, म्हणून लिहीत नाही. आमच्या कुरुंद्याकडून एसटीनं सकाळी निघालं की दिवस मावळता मावळता पोचतं, एवढं दूर. तिला गाडीत बसवताना फाट्यावर कौसानं मला आणि आबाला दोघांना ऐकवलं, "उद्या मी मेले-बिले, तर हिला काम सोडून माघारी आनायचं न्हाई."

आबा म्हणाले, "जाताना काहून आसं वंगाळ बोलती?"

"आत्ताच सांगून ठेवते. मेल्यावर मला सांगता यायचं न्हाई."

मेट्रो काय असती हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. कुणीतरी तिच्या कानावर घातलं की ती जमिनीच्या पोटातून जाती. फोनवर तिचा पहिला सवाल, "खाली साप आसतील की गं."

"आई, सिमिटाचं भुयार आसतं. आन् आमच्या शहरात ती वरून जाती, खांबावरून."

"खांबावरून? मंग तर पडल." वर्षा हसली तर ही चिडली, "हसू नको, आधी खांब कुनी केले ते इचार."

वर्षाला डब्याच्या तळाचं काम दिलेलं. डब्याला आधी नुसता सांगाडा असतो, म्हणे. खाली तळ, दोन बाजू, वरून छप्पर, चारी अंगं येगळी तयार करून मग जोडतात. तळ सगळ्यात आधी, कारण सगळं वजन त्याच्यावर. हे ऐकल्यापासून कौसानं ठरवूनच टाकलं की डबा वर्षा करती. बाकीचे लोक तिच्या हाताखाली असतील, दरवाजे-बिरवाजे बसवत. वर्षानं किती समजावलं की आई, आम्ही शेकड्यानं माणसं आहोत. ती म्हणायची, "आसतील की. मी कुठं न्हाई म्हनले."

तो डबा नवा होता, पहिल्यांदाच त्या तऱ्हेचा करत होते. दर रविवारी वर्षाचा फोन, आणि सोमवारी पाण्याच्या टाकीपाशी कौसा बायांना खबर द्यायची. "तळ झाला. आता बाजू लावून राहिले." मग, "छप्पर बसलं." मग, "पान्याखाली धरला, वरून पाऊस पाडून बघत्यात, आत थेंब येतो का." आमच्या पत्र्याच्या शेडवर तिनं लगेच तीच परीक्षा घेतली. मला वर चढवून घागरी ओतायला लावल्या, स्वतः आत राख पसरून उभी. थेंब पडले ते राखेत दिसले. "ह्या शेडला कुनी रुळावर सोडनार न्हाई," म्हणाली.

बायाही कमी नव्हत्या. एक म्हणाली, "कौसाबाई, डब्याला कितवा लागला?"

"सातवा सरला. डोहाळजेवन करू म्हनते, येशील का?"

"आन् लेक नांदायला कधी जानार?"

"डबा जाऊ दे आधी. थोरला तो हाय."

मग रिकामा डबा रुळावर चालवून बघितला. वाळूची पोती भरून चालवून बघितला, माणसांच्या वजनाची. एकदम ब्रेक मारून बघितला. ह्या प्रत्येक वेळेला कौसा दिवसभर कुणाशी नीट बोलायची नाही. वाळूची पोती भरली त्या दिवशी मला म्हणाली, "वाळू गप बसती. मान्सं गप बसत्यात व्हय? त्याहिचं वजन येगळंच."

डबा पास झाला. डबे रुळावरून नेत नाहीत, ट्रेलरवर घालून सडकेनं नेतात, एवढा लांब ट्रेलर की वळणावर तासभर खोळंबा. वर्षानं सांगितलं की पहिले डबे निघालेत आणि नांदेडकडून आपल्या बाजूच्या सडकेनं वर जातील. बस. त्या रात्री कौसानं ट्रंकेतून खण काढला.

सकाळी मला म्हणाली, "सडकंवर जायचं. डब्याची ओटी भरायची."

मी म्हणालो, "डब्याची?"

"पहिल्यांदा घर सोडून चालली. लेकीनं केलेली, म्हंजी नातच की. मोकळ्या वटीनं वाटंला लावायची व्हय?"

ताटात खण, तांदूळ, नारळ, सुपारी, आमचीच हळकुंडं. चार बाया वावरातून खुरप्यासकट ओढून आणल्या. ढाब्याच्या पुढं, जिथं सडकेवर लाईटच्या तारा खाली लोंबतात, तिथं आम्ही जाऊन बसलो. दिवस वर आला, बाया कुरकुरायला लागल्या. आणि मग आला. पांढऱ्या कापडात सगळा गुंडाळलेला, पुढं लाल झेंडी लावलेली जीप. तारांपाशी येऊन उभा राहिला, कारण तारा वर उचलायला दोन पोरं बांबू घेऊन उतरली.

कौसा थेट ट्रेलरसमोर. ड्रायव्हर पागोटंवाला, दाढी छातीपर्यंत. वरून ओरडला, "अम्मा, हट जाओ, क्या कर रहे हो?"

कौसाची हिंदी आमच्याच वळणाची. म्हणाली, "हटती नही. ओटी भरनेकी है. दो मिनट."

"किसकी?"

"उसकी." डब्याकडं बोट.

तो खाली उतरला. भांडायलाच उतरला असावा. तोवर कौसा डब्याला हळद-कुंकू लावून मोकळी झाली होती, पांढऱ्या कापडावर, पाच बोटांनी. आता पंचाईत अशी की ओटी घ्यायला पदर लागतो, डब्याला पदर कुठला. कौसानं इकडं तिकडं बघितलं आणि गुंडाळलेल्या कापडाचं खालचं टोक सोडवून हातात धरलं. मला म्हणाली, "तुमी धरा, मी भरते." मी धरलं. तिनं तांदूळ, नारळ, खण सगळं त्या टोकात घातलं, बायांनी एकेक मूठ टाकली, आणि वर गाठ मारली. गाठ मारून झाल्यावर ड्रायव्हरनंच पुन्हा ओढून बघितली, घट्ट आहे का. मग म्हणाला, "अम्मा, रास्ते में गिरा तो मेरी जिम्मेदारी नहीं."

कौसा म्हणाली, "गिरता नही. मैंने बांधा है."

घरी येऊन तिनं वर्षाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग वर्षा म्हणाली, "आई, आपले डबे अजून हितंच हायेत. काल निघनार व्हते, कागद राहिला म्हनून थांबले. तो दुसऱ्या कारखान्याचा आसल. दुसऱ्याच शहरात चाललेला."

फोनचा आवाज मोठा असल्यानं ओट्यावर बसलेल्या बायांनी सगळं ऐकलं. त्या लोळायच्या बाकी राहिल्या. आबांपर्यंत गोष्ट गेली, आबा म्हणाले, "परक्याच्या डब्याला खण देऊन आली."

कौसानं पदर सारखा केला. "ओटी काय माघारी मागायची आसती व्हय? त्येच्याबी तळाला कुनाची तरी लेक आसल. तिच्या आईला वाट ठाऊक नसल."

आमचे डबे काही दिवसांनी आले. आम्ही सडकेच्या कडेच्या वावरात होतो. मी म्हणालो, "चल, थांबवू." ती म्हणाली, "नगं. आधीच उशीर झालाय तिला, जाऊ द्या." आणि विळा धरलेला हात वर केला, जसं कुणी ओळखीचं एसटीतून जाताना करतो. डबा पार दिसेनासा होईपर्यंत हात खाली आला नाही. मग म्हणाली, "उभे काहून राहिले?"

डबा चालायला लागला, लोक बसायला लागले, आणि पहिल्याच पावसाळ्यात दरवाज्याच्या रबरातून पाणी आत यायला लागलं. पेपरात फोटो आला, एक माणूस डब्यात छत्री धरून उभा. आबांच्या थोरल्या पोरानं तो पेपर मुद्दाम आमच्या ओट्यावर आणून ठेवला.

"काकू, तुमचा डबा गळून राहिला म्हनं."

कौसानं फोटो नीट न्याहाळला. "दरवाजा गळतोय. तळ न्हाई गळत. आन् गळला तर दुरुस्त करत्याल. तुव्हं सैपाकघर तीन पावसाळे गळतंय, त्येचा फोटो कुनी काढला?"

बोलायला ती बोलली. पण नंतर वर्षाला फोन करून तिनं खोदून खोदून विचारलं, दरवाजा कुणी लावला, रबर कुठलं, तुला कुणी बोललं का. वर्षाला कुणी बोललं नव्हतं. रबर बदलले, गळती थांबली. मग वरच्या धरायच्या कड्या, त्या गर्दीत माणसांच्या डोक्याला लागतात म्हणून दुसऱ्या खेपेच्या डब्यांत वर घेतल्या. तर बुटक्या बायांचे हात पोचेनात, म्हणून निम्म्या पुन्हा खाली आणल्या. ही खबर टाकीपाशी सांगताना कौसाला लई आनंद झाला होता. तिला वाटायचं कड्या तिच्यासाठीच खाली आणल्यात.

एका उन्हाळ्यात चाकाच्या वरच्या कुठल्याशा पट्टीला चीर दिसली आणि सगळे डबे एकेक करून तपासायला घेतले. ते दिवस वाईट गेले. पट्टी तळालाच लागून असती. वर्षा फोनवर नीट बोलायची नाही. कौसाची भाकरी तशीच ताटात राहायची. मी म्हणालो, "आगं, मशीन हाय, झिजतं."

"झिजनं येगळं आन् चिरनं येगळं. मला नका शिकवू."

पंधरवड्यानं कळलं की चीर जोडाला नव्हती, पट्टीच पातळ होती, ती जाड करून बसवली. त्या दिवशी कौसा अंघोळ करून, नवं लुगडं नेसून दिवसभर घरीच बसली. आलं-गेलं विचारायचं, आज काय सण? "काय न्हाई," म्हणायची.

याच काळात वर्षाला बघायला पाहुणे आले. आबांनीच आणलेले, घर चांगलं, पोरगा तालुक्याला नोकरीला. वर्षा दोन दिवसांच्या रजेवर. पाहुण्यांमधल्या एका बाईनं तिच्या मनगटावरचे ठिणगीचे डाग बघितले आणि विचारलं, हे काय.

कौसा आतूनच म्हणाली, "कामाचे हायेत."

मुलाचा बाप म्हणाला, "काही हरकत नाही. लग्नानंतर काम सोडायचंच आहे, डाग जातील हळूहळू."

कौसा आतून पोह्याच्या बश्या घेऊन येत होती. तिथंच उंबऱ्यात थांबली. मग वळली आणि बश्या परत आत घेऊन गेली. बाहेर सगळे वाट बघत बसले. आबा मला डोळ्यानं खुणावत होते. मी आत गेलो तर ही भावकीतल्या लेकरांना ओळीनं बसवून पोहे वाढत होती. मला म्हणाली, "पाव्हन्याला सांगा, पोहे सपले. डाग हायेत आजून."

असंच सांगायचं होतं का नव्हतं माहीत नाही, मी बाहेर येऊन सांगितलं ते असंच. आबा वर्षभर आमच्या अंगणात आले नाहीत. भिंतीपलीकडून खोकायचे तेवढे.

तिसऱ्या खेपेला कारखान्यानं धातूच बदलला. पोलाद जाऊन अल्युमिनियम आलं, डबा हलका व्हावा म्हणून. वर्षा सांगायची, हे जोडणं निराळं असतं, पोलाद वितळायच्या आधी लाल होतं, समजतं. हे लाल होतच नाही, बघता बघता एकदम पाणी होऊन खाली पडतं. नव्या धातूच्या परीक्षेत वर्षा पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. फोनवर रडली, म्हणाली मला काढून टाकतील.

कौसा म्हणाली, "लाल न व्हता वितळतं? आसली मान्सं मी लई बघितली. त्याह्याजवळ बसून ऱ्हावं लागतं, नजर काढायची न्हाई. रडून झालं का? मंग जेव." यात वेल्डिंगचं काही नव्हतं, तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वर्षा तिसऱ्या वेळेला पास झाली, ती तिच्या मास्तरानं शिकवलं म्हणून. कौसानं मात्र गावभर सांगितलं की मी फोनवर सांगितलं तसं केलं तेव्हा जमलं.

पुढं वर्षा तिच्या गटाची मुकादम झाली, आणि गेल्या दिवाळीनंतर आम्हाला दोघांना त्या शहरात घेऊन गेली. खांबावरचं स्टेशन, वर जायला पळते जिने. कौसा जिन्यावर चढली नाही, बाजूच्या पायऱ्यांनी गेली आणि तरी आमच्या आधी वर पोचली. गाडी आली, दरवाजे उघडले, आम्ही आत शिरलो. सगळं पांढरं, गुळगुळीत, गार. कौसानं चारी बाजूनं बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

"वर्षे, तुव्हं केलेलं कुठं हाय?"

"ते दिसत न्हाई, आई. तळाला हाय, ह्या फरशीखाली. वरून झाकलेलं आसतं."

"सगळं झाकलंय?"

"सगळंच."

कौसानं नऊवारीचा काष्टा सावरला आणि डब्याच्या मधोमध खाली बसली. मांडी घालून. दोन्ही तळहात फरशीवर टेकवले. आजूबाजूची मंडळी पाय आखडून घ्यायला लागली. वर्षा म्हणाली, "आई, ऊठ, लोकं बघून राहिलेत." ही म्हणाली, "बघू दे. मी काय चोरी केली?"

गणवेशातला एक पोरसवदा शिपाई आला. "आजी, खाली बसता येत नाही. सीट रिकामी आहे ना."

"सीट मही न्हाई. खालचं मव्हं हाय."

"नियम आहे, आजी."

"नियम करनारानं तळ केला का?"

तो गोंधळला. वर्षाकडं बघून म्हणाला, "ताई, तुमच्या सोबत आहेत का?"

वर्षाचं तोंड लाल झालेलं. मला वाटलं ती आईला उठवेल. ती म्हणाली, "माझी आई आहे. ह्या डब्यांचे तळ आमच्या गटानं जोडलेत."

शिपायानं खाली बघितलं, फरशीकडं. "पुढच्या स्टेशनापर्यंत बसू द्या मग," म्हणाला आणि दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. कौसा डोळे मिटून बसली होती. जरा वेळानं मला म्हणाली, "थरथर हाय. खडखड न्हाई." स्टेशन आलं तशी स्वतःच उठली. "त्या लेकराची नोकरी जाईल," म्हणाली आणि पुढची सगळी वाट उभी राहिली, खालची कडी धरून.

अशी होती ती. गरीब बिरीब काही नाही.

हळद निवडता निवडता ती गेली त्या दिवशी वर्षा भाड्याची जीप करून थेट निघाली आणि दिवस बुडायच्या आत पोचली. अंगावर कारखान्याचा निळा सदरा, पायात लोखंडी टोपाचे बूट, तशीच. सगळं झालं. परत आलो, झोप कुणाला लागली नाही.

सकाळी भावकी जमली. आमच्याकडं सुतकात घरची चूल पेटत नाही, भावकीतून भाकरी येतात. आबांच्या घरून टोपलं आलं. वर्षानं अंगण झाडून काढलं होतं, सडा टाकला होता, केस बांधले होते. मला माहीत होतं की नव्या खेपेचा पहिला डबा त्याच आठवड्यात पाण्याखाली धरायचा आहे आणि तळ तिच्या गटाचा आहे. ती माझ्यासमोर येऊन बसली, खाली बघत म्हणाली, "बापू, मी कळवून टाकते तिकडं. आता येत न्हाई म्हनून."

आबा रडत होते. खरोखर रडत होते, त्यात खोट काढत नाही. म्हणाले, "बराबर हाय, लेकरा. पोरगा आसता तर सून आसती. आता बापाला भाकर कोन देनार?" सगळ्यांनी माना हलवल्या. बाया म्हणाल्या, व्हय, एवढं केलंस, आता बापाकडं बघ. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यामुळं तर मी बसून राहिलो असतो तर झालंच असतं ते.

मी उठलो. आत जाऊन परात काढली, डब्यातलं ज्वारीचं पीठ काढलं, अंगणातल्या चुलीत दोन काटक्या घालून काडी ओढली. एक बाई किंचाळली, "अवं भावजी, सुतकात चूल?" कुणीतरी माझा हात धरला. मी सोडवून घेतला. पाणी तापवलं, पिठात ओतलं, बोटं भाजली. मळलं. आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापली. तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. एक करपला, दोन कच्चे. वर्षा उठायला लागली. मी म्हणालो, "बस खाली."

तो करपलेला तुकडा मी मीठ लावून सगळ्यांसमोर खाल्ला, वरून पाणी प्यालो. कच्चा तुकडा आबांपुढं धरला. "खा. आज कच्ची हाय. उद्या बरी व्हईल. परवा आजून बरी."

आबा म्हणाले, "आन् तिसऱ्याची राख?"

"मी सावडीन. मही बायको व्हती."

आबांनी तो तुकडा हातात घेतला, खाल्ला नाही, टाकलाही नाही. मी वर्षाला म्हणालो, "बूट घाल."

"बापू..."

"घाल म्हनलं."

फाट्यावर एसटी आली. तिनं खिडकी धरली, मी बाहेर उभा. गाडी गेली. मी घरी आलो. टोपल्यावर फडकं टाकून भावकी निघून गेली होती. चूल अजून तापलेली होती आणि परातीत पीठ उरलं होतं. पाण्याचा हात लावून घेतला आणि दुसरी थापायला बसलो.